ह-य-व-र-ल आणि ठिपक्यांचा हिशोब

घरात वीस-तीस वर्षांपूर्वी छापलेले एखादे मासिक असेल तर त्यातल्या कृष्णधवल छायाचित्रावर साधे बहिर्वक्र भिंग धरून पाहा. लांबून राखाडी दिसणारा गाल किंवा ढग नाहीसा होतो आणि उरतात ते काळे ठिपके. गाल जिथे उजळ, तिथे ठिपके बारीक आणि सुटे. जिथे सावली, तिथे मोठे आणि एकमेकांना चिकटलेले. राखाडी शाई कुठेच नाही. छापखान्याला दोनच गोष्टी करता येतात. कागदावर शाई लावायची किंवा लावायची नाही. मधल्या सगळ्या छटा म्हणजे ठिपक्यांच्या आकारावरून आपल्या डोळ्याने करून घेतलेला समज.

या पद्धतीला हाफटोन म्हणतात. तिचे गणित ज्यांनी बसवले त्यांच्यात कलकत्त्याचे एक गृहस्थ होते. ते लहान मुलांसाठी गोष्टी लिहीत, आणि गोष्टींतली चित्रे नीट छापली जावीत एवढ्यासाठीच ते या खटाटोपात पडले. पुढे त्यांच्या मुलाने घरच्याच मासिकात एक अशी गोष्ट छापली की जिच्यात सात दुणे किती, हे किती वाजले त्यावर अवलंबून असते! गोष्ट स्वतः रचायची, चित्रे स्वतः काढायची, ठसे स्वतः करायचे आणि छापायचेही स्वतःच, असा हा दोन पिढ्यांचा उद्योग होता. शिक्षकांनी तो जरूर माहीत करून घ्यावा.

बिघडलेली चित्रे

उपेंद्रकिशोर राय यांचा जन्म १८६३ चा, पूर्व बंगालातल्या मैमनसिंग जिल्ह्यातला. शिक्षण कलकत्त्याला झाले. ते चित्रे काढत, उत्तम व्हायोलिन वाजवत आणि मुलांसाठी लिहीत. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिले आणि त्यासाठी चित्रेही काढली. पुस्तक दुसऱ्याकडे छापले गेले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चित्रांचे लाकडी ठसे कारागिराने कोरले, आणि छापून आलेली चित्रे पाहून उपेंद्रकिशोर खट्टू झाले. कुंचल्याने दिलेली सावली कोरणाऱ्याच्या हातात आली की तिच्या जाड-बारीक रेघा होत. चित्रकाराचे चित्र आणि वाचकाच्या हातातले चित्र यांच्यामध्ये एक तिसराच माणूस उभा राही.

हे दुःख त्यांच्या एकट्याचे नव्हते. ऑक्सफर्डला गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन म्हणजेच लुइस कॅरल यांनी ॲलिसची गोष्ट प्रथम स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतः काढलेल्या चित्रांसह लिहून १८६४ साली एका मुलीला भेट दिली होती. दुसऱ्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली ती त्यांच्याच खर्चाने. पण छपाई पाहून चित्रकार टेनियल नाराज झाले, आणि कॅरल यांनी दोन हजार प्रतींची ती आवृत्ती मागे घेऊन पुस्तक नव्याने छापून घेतले. लेखकाने पदरचे पैसे घातले, तरी ठसा आणि छपाई यांवर त्याची हुकमत नसते, ती अशी.

उपेंद्रकिशोरांनी दुसरा मार्ग धरला. युरोप-अमेरिकेत तेव्हा छायाचित्रणाच्या साहाय्याने ठसे करण्याची कला नवी होती. त्यांनी विलायतेहून पुस्तके, कॅमेरा आणि इतर साहित्य मागवले आणि १८९५ साली कलकत्त्यात स्वतःचा ठसे करण्याचा कारखाना काढला. शिकवायला कोणी नव्हते. पुस्तके आणि प्रयोग हेच त्यांचे गुरू.

झाडाखालची सावली आणि काचेची जाळी

हाफटोनचा ठसा कसा होतो ते थोडक्यात पाहू. एका काचेवर अत्यंत बारीक समांतर काळ्या रेघा आखतात. तशीच दुसरी काच तिच्यावर काटकोनात चिकटवली, की सूक्ष्म चौकोनी झरोक्यांची जाळी तयार होते. फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी १८९० च्या सुमारास अशा जाळ्या अचूक बनवण्याची पद्धत बसवली. कॅमेऱ्यात फोटोच्या काचेच्या पुढे, तिला न चिकटवता, थोड्या अंतरावर ही जाळी बसवायची आणि मूळ चित्राचा फोटो घ्यायचा. निगेटिव्हवर चित्र उमटते ते ठिपक्यांचे.

मग ही निगेटिव्ह तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर ठेवून प्रकाश देतात. पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणाऱ्या सरसाचा थर असतो. प्रकाश लागलेला भाग घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो, आणि उघडा पडलेला धातू रसायनाने खाऊन टाकला जातो. वर राहतात ते धातूचे ठिपके. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला, की मजकूर आणि चित्र एकाच पानावर एकाच दाबात छापता येतात. शिळाप्रेसवर चित्रे छापत, त्यांत हे जमत नसे. मुलांच्या पुस्तकात ओळीच्या शेजारीच चित्र हवे असते, म्हणून हा फायदा मोठा.

पण ठिपके लहान-मोठे का होतात? याचे उत्तर झाडाखाली सापडते. भर दुपारी दाट झाडाच्या सावलीत जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, कवडसे मात्र गोल. कारण प्रत्येक फट म्हणजे एक सूचिछिद्र कॅमेरा असतो आणि प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे झालेले अनेकांनी पाहिले असतील.

जाळीचा प्रत्येक झरोका असाच वागतो. तिथे सूर्याच्या जागी असते भिंगाचे प्रकाशद्वार, म्हणजे ज्याला छायाचित्रकार स्टॉप म्हणतात ते भोक. फोटोच्या काचेवर स्टॉपच्या हजारो लहानग्या प्रतिमा पडतात. प्रत्येक कवडसा मध्यभागी तेजस्वी आणि कडेला मंद. मूळ चित्राचा भाग उजळ असेल तर कवडशाच्या कडेचा प्रकाशही काच काळी करण्याइतका होतो आणि निगेटिव्हवर मोठा ठिपका पडतो. भाग अंधारा असेल तर फक्त मध्यबिंदूच काळा होतो. निगेटिव्हवर मोठा ठिपका म्हणजे धातूवर लहान, आणि उलट. अशा रीतीने प्रकाशाच्या तीव्रतेचे रूपांतर ठिपक्याच्या आकारात होते.

आता अडचण लक्षात येईल. जाळी फोटोच्या काचेला फार जवळ असेल तर कवडसे पसरत नाहीत, सगळीकडे नुसती जाळीचीच छाया उमटते. फार लांब असेल तर कवडसे एकमेकांत मिसळून सगळेच सारखे होते. नेमके अंतर किती? साधा नियम असा मांडता येतो: झरोक्याची रुंदी भागिले जाळीचे अंतर हे गुणोत्तर, आणि स्टॉपचा व्यास भागिले भिंगापासून काचेपर्यंतचे अंतर हे गुणोत्तर, ही दोन्ही सारखी हवीत. समजा जाळीवर इंचाला १२० रेघा आहेत आणि रेघ व झरोका सारख्याच रुंदीचे आहेत. म्हणजे झरोका सुमारे ०.१०६ मिलिमीटर. स्टॉप २ सेंटिमीटर आणि काच भिंगापासून ६४ सेंटिमीटर असेल, तर गुणोत्तर १:३२, आणि जाळीचे अंतर ०.१०६ गुणिले ३२ म्हणजे सुमारे ३.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर चुकले तरी कवडसे एकमेकांवर चढू लागतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना समरूप त्रिकोणांवरून हा नियम स्वतः काढता येईल.

त्या काळी पुष्कळ कारागीर हे अंतर अंदाजाने आणि सवयीने ठरवत. एक काच बिघडली की दुसरी घालून पाहायची! उपेंद्रकिशोरांना हे पटले नाही. ठिपका कसा घडतो याचा त्यांनी भूमितीने विचार केला, आणि कलकत्त्यात बसून लंडनच्या ‘पेनरोज’ या मुद्रण-वार्षिकात १८९७ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे लेख लिहिले. जाळीचे अंतर कसे ठरवावे, ते आपोआप कसे साधता येईल, झरोक्यातून प्रकाश जाताना होणाऱ्या विवर्तनाचा परिणाम काय, रेघा काटकोनाऐवजी साठ अंशांत छेदल्या तर काय होते, एकाऐवजी अनेक भोकांचा स्टॉप वापरला तर ठिपका कसा बदलतो, असे त्यांचे विषय होते. शेवटच्या विषयाचे मर्म ग्रहणातल्या कवडशांवरून कळेल. प्रकाशद्वाराचा आकार बदला, ठिपक्याचा आकार बदलतो. ज्यांनी हा व्यवसाय निर्माण केला त्या देशांतले तंत्रज्ञ, युरोपात पाऊलही न ठेवलेल्या एका बालसाहित्यिकाचे हे लेख वाचत होते.

घरचे मासिक

१९१३ साली, बंगाली १३२० सनाच्या वैशाखात, उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे निरोपही आणि मिठाईही, तेव्हा नावातच सगळे आले. गोष्टी, पुराणकथा, कोडी, विज्ञानाचे लेख आणि आतमध्ये स्वतःच्या कारखान्यात केलेल्या ठशांवरून छापलेली रंगीत चित्रे. पुढे गडपार रस्त्यावर त्यांनी स्वतः आराखडा काढून घर बांधले. एकाच इमारतीत बिऱ्हाडही आणि छापखानाही! लेखकाच्या टेबलापासून छपाईच्या यंत्रापर्यंत अंतर काय ते एका जिन्याचे.

मोठे चिरंजीव सुकुमार यांचा जन्म १८८७ चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतले. मित्रांना जमवून ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला आणि त्याचे हस्तलिखित मासिक चालवले. १९११ साली गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती घेऊन ते विलायतेला गेले, ते मुद्रण आणि छायाचित्रण शिकायला, आधी लंडनला आणि नंतर मँचेस्टरला. ‘पेनरोज’मध्ये त्यांचाही हाफटोनवरचा लेख आला. १९१३ साली ते परतले. उपेंद्रकिशोर १९१५ च्या डिसेंबरात मधुमेहाने गेले, वय ५२. इन्शुलिनचा शोध लागायला अजून सहा वर्षे होती. मासिक, छापखाना आणि कारखाना सगळे अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांच्या अंगावर आले.

वय उलटे फिरवणारा म्हातारा

१९२२ साली ‘संदेश’मधून सुकुमारांची ‘ह-य-व-र-ल’ ही गोष्ट क्रमशः प्रसिद्ध झाली. बंगाली उच्चार ‘ह-ज-ब-र-ल’, अर्थ सावळागोंधळ. एक मुलगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेला असतो आणि स्वतःच सांगतो की काय झाले. घाम पुसायला रुमाल घ्यावा तर त्याचे मांजर झालेले! मांजराला त्यात नवल वाटत नाही. अंड्याचे बदक होतेच की, असे ते म्हणते. कलकत्त्याहून तिबेटला जायचा रस्ता ते असा सांगते की भूगोलाच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावावा.

मग भेटतो काक्केश्वर कुचकुचे नावाचा कावळा. हा पाटी-पेन्सिल घेऊन हिशोब करतो. सात दुणे किती याचे उत्तर त्याच्या मते नेमक्या क्षणी चौदा होते. घाई केली तर काही आणे-पै कमी, उशीर केला तर जास्त. आणि हातचा? हातचा म्हणून हातात उरते ती पेन्सिल. बंगालीतली ही कोटी मराठीत तशीच्या तशी कळते, कारण आपणही हातचाच धरतो. त्यांच्याकडे वेळ फार महाग आहे, म्हणून कावळ्याला ती जपून वापरावी लागते.

पुढे एक म्हातारा येतो. त्यांच्यात वय चाळीस झाले की ते उलटे फिरवतात. एकोणचाळीस, अडतीस असे उतरत दहापर्यंत आले की पुन्हा चढू द्यायचे. असे बरेच चढउतार करून सध्या तो तेरा वर्षांचा आहे. गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर याचा आलेख काढावा. आडव्या अक्षावर खरा काळ, उभ्या अक्षावर म्हाताऱ्याचे वय. दहा आणि चाळीस यांच्यामध्ये डोंगरांसारखी चढउतारांची रांग मिळते आणि दर साठ वर्षांनी आकृती पुन्हा तीच येते. आवर्ती फलनाचे याहून मजेदार उदाहरण शोधून सापडणार नाही.

शेवटी घुबड न्यायाधीश असलेला एक खटला चालतो. आरोपीला आधी कैद आणि नंतर काही दिवसांची फाशी, अशी शिक्षा होते. इंग्रजी अमलातल्या कोर्टांवरचा हा टोला मोठ्यांनाही समजत असणार.

ही गोष्ट निव्वळ वेडगळ नाही. एक गृहीतक बदलायचे आणि मग त्यापासून निघणारे निष्कर्ष काटेकोरपणे पाळायचे, ही तिची रीत आहे. वय उलटे फिरते हे एकदा मान्य केले की बाकी सगळे तर्काला धरून आहे. समांतर रेषांचे गृहीतक बदलून नवी भूमिती उभी करणाऱ्या गणितज्ञांची रीत याहून फार वेगळी नव्हती. भौतिकशास्त्र शिकलेल्या, मिलिमीटरच्या अंशाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसालाच असा पद्धतशीर गोंधळ साधतो, असे मला वाटते. चित्रेही त्यांचीच, बहुतेक साध्या शाईच्या रेषांची. त्यांत छटाच नाहीत, म्हणजे हाफटोनची गरजही नाही. आपली रेघ कागदावर कशी उतरेल हे चित्र काढतानाच ज्याला ठाऊक आहे, त्याच्या रेघेत एक निश्चिंतपणा येतो. रामायणाच्या वेळी मध्ये उभा राहिलेला तो तिसरा माणूस आता उरला नव्हता.

महाग वेळ

ही गोष्ट छापली जात होती तेव्हा सुकुमार आजारी होते. १९२१ साली, म्हणजे त्यांचा मुलगा सत्यजित जन्मला त्या वर्षी, त्यांना काळा आजार झाला. लेशमॅन आणि डोनोव्हन यांनी त्याचा परजीवी १९०३ मध्ये ओळखला होता, पण रोग्याला वाचवणारे खात्रीचे औषध नव्हते. त्याच कलकत्त्यात, कॅम्पबेल हॉस्पिटलच्या एका लहानशा खोलीत डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी अँटिमनीची संयुगे बनवत होते. १९२० मध्ये त्यांना युरिया स्टिबामाइन मिळाले. १९२२ मध्ये, ‘ह-य-व-र-ल’ ज्या वर्षी छापली गेली त्याच वर्षी, त्यांनी रोग्यांवरील निष्कर्ष जाहीर केले. ते औषध सर्रास वापरात आले ते त्यानंतर. पुढे त्याने असंख्य जीव वाचवले.

सुकुमार १० सप्टेंबर १९२३ रोजी गेले. वय ३५. चाळिशीला वय उलटे फिरवायची सोय करून ठेवणाऱ्याला ती चाळिशी गाठता आली नाही. अंथरुणावर पडल्यापडल्या ते आपल्या कवितांच्या पुस्तकाची मांडणी करत होते. कोणत्या पानावर कोणते चित्र, मुखपृष्ठ कसे, सगळे त्यांनीच ठरवले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी बाहेर पडले. ‘ह-य-व-र-ल’ पुस्तकरूपाने १९२४ मध्ये आली, अर्थात घरच्याच छापखान्याकडून.

त्यानंतर धंदा फार दिवस टिकला नाही. ‘संदेश’ बंद पडले, १९२७ च्या सुमारास छापखाना आणि घर दोन्ही गेले. ज्या इमारतीत ठसे होत तिथे पुढे शाळा भरू लागली. छोट्या सत्यजितजवळ उरली ती पुस्तके आणि यंत्रांच्या घरघरीच्या, शाईच्या वासाच्या आठवणी. मोठेपणी तेही आधी जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार झाले, अक्षरांचे वळण घडवू लागले, मग चित्रपटांकडे वळले. १९६१ साली त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले आणि त्याच वर्षी त्यात प्रोफेसर शंकू या कल्पित शास्त्रज्ञाची पहिली कथा लिहिली. यंत्रे गेली तरी हातचा पुढच्या घरात आला, असे म्हणायला हरकत नाही.

वर्गात काय करता येईल

आज काचेची जाळी इतिहासजमा झाली आहे. ठिपक्यांचे आकार संगणक ठरवतो. घरी बसून गोष्ट लिहावी, चित्रे काढावी, आपल्याच आवाजात ती वाचून ध्वनिमुद्रित करावी आणि सगळे मिळून लोकांपुढे ठेवावे, हे आता शाळकरी मुलालाही जमते. ज्या साखळीसाठी राय घराण्याच्या दोन पिढ्या खपल्या ती आता खिशात मावते. तरीही तिची प्रत्येक कडी आपण समजून घेतली आहे का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या शाळांतून दरवर्षी हस्तलिखित निघते. या वर्षी त्यात एक गोष्ट कल्पित जगातली असू द्या. त्या जगाचा एकच नियम आपल्यापेक्षा वेगळा असावा, आणि तो गोष्टभर न चुकता पाळला जावा. चित्रे मुलांनीच काढावीत, पण राखाडी पेन्सिल न वापरता, फक्त काळ्या पेनाच्या ठिपक्यांनी. ठिपके किती मोठे केले की गाल गोल दिसतो हे त्यांचे त्यांना शोधू द्या. मग गोष्ट मोठ्याने वाचायला सांगा. कावळ्याची पाटी, म्हाताऱ्याचा आलेख आणि कवडशांचा प्रयोग हे सगळे एका तासात बसणार नाही. दोन तास घ्यावेत.